चांगली नसलेली कोण?

डंकन टलकचा एक ठाम दावा होता, आणि विद्यापीठाच्या कॅन्टीनपासून सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलापर्यंत तो सगळ्यांचा ऐकून झाला होता. कम्प्युटरला शहाणं करायला प्रोग्रामर लागत नाही, असं तो म्हणे. ज्याला एखादं काम पक्कं येतं त्याने यावं, डंकनच्या ‘ट्रायो’ नावाच्या प्रोग्रामसमोर बसावं, विचारेल त्याची उत्तरं टाईप करावीत आणि घरी जावं. त्याच्या डोक्यातलं ज्ञान आपोआप मशीनच्या डोक्यात उतरतं! “दात काढण्याइतकं सोपं आहे,” असं तो वर सांगायचा, आणि ऐकणाऱ्याचा हात नकळत गालाकडे जायचा.

ट्रायोची रीत साधी होती. तो पडद्यावर तीन नावं टाकायचा आणि विचारायचा, यातली कोणती दोन सारखी, आणि तिसरं वेगळं ते कशात? उत्तर दिलं की पुढची तीन नावं. असं करत करत तो स्वतःच नियम बनवायचा आणि सल्ला द्यायला लागायचा. ‘का?’ हे बटण दाबलं की सल्ल्यामागचं कारणही सांगायचा, तेही जाणकाराच्या स्वतःच्या शब्दांत, जसंच्या तसं. या ‘जसंच्या तसं’वर डंकनचा भारी जीव होता.

अडचण एकच होती, जाणकार टिकत नव्हते. तेलाच्या विहिरींचा जाणकार तिसऱ्या प्रश्नाला उठला आणि दातांच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून जो गेला तो आलाच नाही. गव्हाची प्रत ठरवणारे गृहस्थ “बघितलं की कळतं” म्हणाले आणि सगळ्या प्रश्नांना तेच उत्तर देऊन मोकळे झाले. शेवटी विभागप्रमुख प्राध्यापक व्हिटकॉम्ब यांनी डंकनला खोलीत बोलावलं. जानेवारी संपायच्या आत एक तरी माणूस दाखव, म्हणाले, ज्याने आपलं ज्ञान आपल्या हाताने यात भरलंय आणि जे दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडलंय. नाहीतर ट्रायो बंद, आणि ट्रायोसाठी नेमलेला डंकनही बंद.

डंकनचं तोंड एवढंसं झालं. ते तोंड घेऊन तो घरी आला तेव्हा त्याची बायको लेस्या म्हणाली, “आईला विचार ना.”

लेस्याची आई पारास्का. डंकन तिला त्यांच्या पद्धतीने ‘मामो’, म्हणजे आई, म्हणे. कॅनडातल्या एडमंटनच्या आमच्या युक्रेनी चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर कित्येक वर्षं मामोच्या ताब्यात होतं. जानेवारीतल्या मोठ्या जेवणाला सगळा समाज लोटतो आणि पिरोही ढिगाने लागतात. बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्याच म्हणा ना. पीठ कोणी मळायचं, कडा कोणी दाबायच्या, कांदा कोणी परतायचा, खिडकीपाशी उभं राहून कोणी वाढायचं, हे मामो सकाळी दारात उभी राहून बोटाने दाखवायची आणि बायका निमूट आपापल्या जागी जायच्या. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. यंदा नेमकं त्याच आठवड्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन आलं. तिची जागा दुसऱ्या कुठल्या बाईला दिली असती तर पीठ भिजायच्या आधीच महाभारत झालं असतं.

मामोला ट्रायोची कल्पना पसंत पडली. बाईने सांगितलं तर राग येतो, मशीनवर कोण रागावणार, असा तिचा हिशोब होता.

डंकनने शिलाई मशीनच्या वजनाचा तो कम्प्युटर तिच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला. पहिलीच तीन नावं आली ती तिच्या जन्माच्या मैत्रिणींची: तेक्ल्या, दोक्या, हाफिया.

“तिघी चांगल्या आहेत,” मामो म्हणाली.

“त्याला फरक हवाय, मामो. नुसतं चांगली लिहिलंत तर ते विचारणार, मग चांगली नसलेली कोण?”

मामोने तरी तेच लिहिलं. ट्रायोने तरी तेच विचारलं.

“भलतंच चोंबडं आहे रे तुझं मशीन,” मामो म्हणाली. “असल्या प्रश्नांची उत्तरं मी पाद्रीबाबांनासुद्धा देत नाही.”

 आता हीसुद्धा दातांच्या डॉक्टरकडे जाणार, असं वाटून डंकन चहा करायला उठला. चहा घेऊन येतो तर मामो एकाच बोटाने पण झपाट्याने टाईप करत होती. गाल लाल झाले होते आणि खुब्याचं दुखणं कुठल्या कुठे गेलं होतं. चहा निवून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तर तिने डंकन यायच्या आधीच मशीन पुसून ठेवलं होतं.

“इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नाही बघ, की पारास्का, तुला काय वाटतं,” ती म्हणाली. “हे विचारतं. आणि मधे बोलत नाही.”

डंकनला भरून आलं. प्रश्नांना न कंटाळणारा माणूस त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. या बाईचे उपकार कसे फेडायचे, हे त्याला कळेना, आणि खरं सांगायचं तर अशी कृतज्ञता त्याला तिने मुलगी दिली तेव्हाही वाटली नव्हती.

आता एक बारीकशी गोष्ट. मामोने अक्षरं कीबोर्डवरची इंग्रजी घेतली होती, पण शब्द सगळे युक्रेनी होते. डंकनचं युक्रेनी जेवणाच्या पदार्थांपाशी संपत होतं, आणि लेस्याला त्या आठवड्यात संध्याकाळची ड्युटी होती. ट्रायोला भाषेशी देणंघेणं नव्हतं. कोणतं नाव कोणत्या नावाच्या बाजूला बसतं एवढंच तो बघायचा. डंकन उलट खूश झाला. जसंच्या तसं म्हणतात ते हेच!

जेवणाच्या सकाळी तळघरात बायका मशीनभोवती जमल्या. मामो हॉस्पिटलात, नव्या खुब्यासकट सुखरूप होती. प्राध्यापक व्हिटकॉम्ब कोट न काढता भिंतीपाशी उभे होते. डंकनने एकेक नाव घातलं आणि ट्रायो एकेक जागा सांगत गेला. दोक्या पिठावर. हाफिया कांद्यावर. तेक्ल्या खिडकीपाशी. सगळ्या नेहमीच्याच जागा! बायका माना डोलावू लागल्या. पारास्काच बोलतेय असं वाटतं, असंही कोणी म्हणालं. व्हिटकॉम्बांनी कोटाचं एक बटण काढलं.

इथे डंकनने थांबायला हवं होतं. पण शाबासकी मिळत असताना थांबेल तो डंकन कसला!

“हा नुसतं सांगत नाही,” तो म्हणाला, “का ते पण सांगतो. मामोच्या स्वतःच्या शब्दांत. कोणाचं बघू या?”

“माझं,” तेक्ल्या म्हणाली.

तेक्ल्या अंगाने उंच, आणि आवाज त्याहून उंच. खिडकी तिला तिच्या हसऱ्या चेहऱ्यामुळे मिळाली, नाहीतर कडा दाबण्यात आपला हात धरणारं कोणी नाही, हे ती दरवर्षी नव्याने सांगायची. डंकनने ‘का?’ दाबलं. पडद्यावर ओळ उमटली. बायकांनी वाचली आणि सगळ्या एकदम तेक्ल्याकडे बघायला लागल्या.

“काय लिहिलंय?” डंकनने लेस्याला विचारलं.

“विचारू नकोस,” लेस्या म्हणाली.

पण व्हिटकॉम्बांनीही विचारलं, तेव्हा तिला सांगावंच लागलं. लिहिलं होतं: हिने दाबलेल्या कडा पाण्यात उकलतात. सांगायला जावं तर ऐकत नाही. पिठापासून लांब ठेवावी.

तेक्ल्याने एप्रन काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला.  कोट चढवून ती जिना चढून गेली. तिच्यामागोमाग तिच्या बाजूच्या बायकांनी एप्रनच्या गाठी सोडल्या, आणि ज्या तिच्या बाजूच्या नव्हत्या त्यांनीही सोडल्या, कारण आता आपल्याबद्दल काय लिहिलंय याची धास्ती सगळ्यांनाच पडली होती. वर लोक यायला लागले होते. पीठ ओल्या फडक्याखाली वाट बघत होतं. व्हिटकॉम्बांनी काढलेलं बटण परत लावलं.

तेक्ल्या मात्र फार लांब गेली नव्हती. आमच्याकडच्या थंडीत गाडीला विजेची वायर जोडून ठेवली नाही तर इंजिन गोठतं, आणि सकाळच्या घाईत ती वायर लावायला विसरली होती. गाडी सुरू होईना. आत परत यायचं तर मान खाली घालावी लागणार. ती तशीच गाडीत बसून राहिली. त्या थंडीचे आम्ही आजही आभार मानतो.

इकडे तळघरात हाफिया पुढे आली. बारकीशी, कमी बोलणारी बाई. “माझं दाबा,” म्हणाली. “एकदाचं होऊन जाऊ दे.”

डंकनचा हात धजेना. तिने स्वतःच बटण दाबलं. ओळ वाचली, एप्रनच्या टोकाने चष्मा पुसला आणि परत वाचली. मग लेस्याने ती हळूच डंकनला सांगितली: नवरा गेल्यापासून हिचे डोळे आपोआप भरतात. कांद्यापाशी कोणी कारण विचारत नाही.

“पारास्काला माहीत होतं होय,” हाफिया म्हणाली. मग पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट करून तिने विचारलं, “तेक्ल्याच्या ओळीखाली इथे एक बाण होता. माझ्याखाली नाही. तो कसला?”

डंकनने कपाळावर हात मारून घेतला. पडदा लहान, म्हणून एका वेळी एकच कारण दिसायचं आणि पुढे आणखी असलं तर बाण यायचा. ही सोय त्यानेच केली होती आणि तोच विसरला होता. तेक्ल्याचं नाव घालून त्याने ‘का?’ दोनदा दाबलं. दुसरं कारण आलं: मुलं व्हँकूवरला गेली, घरी बोलायला कोणी नाही. खिडकीपाशी सगळ्यांना हिच्याशी दोन शब्द बोलावेच लागतात. मग तिसरं: उपाशी माणूस हिला लांबून ओळखू येतो. वाढावं ते हिनेच.

हाफिया कोट न घालताच जिना चढून बाहेर धावली.

तेक्ल्या आली ती नाक लाल करून, कोणाकडे न बघता. मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि तिन्ही कारणं वाचली. बराच वेळ वाचत होती. 

“यात पारास्कालाच लिहिता येतं, की कोणालाही?” तिने विचारलं.

“कोणालाही.”

“मग सरक बाजूला.”

ट्रायोने तीन नावं टाकली, त्यात पारास्का होती. तेक्ल्याने बोटं मोडली आणि लिहायला घेतलं. पहिलीच ओळ लेस्याने वाचली: पारास्का सारणात मीठ कमी घालते. मागून दोक्या म्हणाली की मिरीही कमी घालते, ते पण लिही. कोणी म्हणालं, तू ऊठ, मला लिहू दे. बघता बघता रांग लागली. एक बाई लिहायची, बाकीच्या पीठ लाटता लाटता तिला दुरुस्त करायच्या, आणि लिहून झालं की आपापल्या नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहायच्या. जेवण उशिरा झालं, पण झालं. तेक्ल्याने खिडकीतून असं वाढलं की लोकांना ताटं दोन्ही हातांनी धरावी लागली.

व्हिटकॉम्बांनी कोट काढला होता. दोक्याने त्यांना बटाटे सोलायला बसवलं होतं.

“टलक,” ते सोलता सोलता म्हणाले, “आपला तेलवाला तीन प्रश्नांत पळाला. या बायका उठत का नाहीत?”

“कळत नाही, सर.”

“ते शोधून काढ. एक वर्ष देतो.”

डंकनला त्या तळघरातल्या एकेकीच्या पाया पडावंसं वाटलं. एप्रनवर पीठ उडालेल्या त्या बायकांनी त्याची नोकरी वाचवली होती, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. मशीन बंद करता करता सहज त्याने स्वतःचं नाव घातलं. मामोने तेही भरलं होतं! ट्रायो म्हणाला: वर खुर्च्या मांडायला. डंकनने ‘का?’ दाबलं. लेस्याने वाचलं: मागच्या वर्षी याला कांदा परतायला दिला. कांदा कसा परतावा हे तो सांगत बसला. कांदा जळला.

डंकन हसला. आता त्याला रीत कळली होती. पहिलं कारण असंच असायचं, मायेचं दुसऱ्यात असतं. त्याने बाण शोधला. बाण नव्हता. तरी बटण दाबून बघितलं. त्याचीच सूचना आली: आणखी कारण नाही.

दुसऱ्या दिवशी तो डबाभर पिरोही घेऊन हॉस्पिटलात गेला. काय काय झालं ते सगळं सांगितलं, मिठाचंसुद्धा. मामो उशीत तोंड घालून हसली, मग म्हणाली, तेक्ल्याची गाडी सुरू झाली का ते बघ. डंकनने तिचे मनापासून आभार मानले. “तुम्ही नसता मामो, तर मी आज रस्त्यावर असतो,” असंही म्हणाला. पण त्याला राहवेना. शेवटी घुटमळत त्याने विचारलंच, की तेक्ल्याला तीन तीन कारणं, मग आपल्याला एकच कसं?

“लिहिलं होतं रे दुसरं,” मामो म्हणाली. “जावई चांगला आहे, असं लिहिलं होतं. तर तुझं ते मशीन विचारायला लागलं, चांगला नसलेला कोण?” तिने पिरोहीचा एक घास घेतला आणि मीठ आहे का ते बघितलं. “खूप विचार केला. कोणी सापडेना. मग खोडलं.”