फाट्यावरचे चिंतन

माणूस ज्या परिसरात राहतो, त्याच्याकडे तो कधी नीट पाहत नाही, हे सर्वमान्य आहे. ही गंभीर उणीव दूर करण्यासाठी परिसर-चिंतन संचालनालयाने एक फिरते, सुटे करता येणारे शिल्प तयार केले. भाग अकरा, बोल्ट चव्वेचाळीस, पाना एक (परत करणे बंधनकारक). गावोगाव न्यायचे, नकाशाप्रमाणे उभे करायचे, आठ दिवस लोकांनी त्याच्याभोवती चिंतन करायचे, अशी ही अत्यंत उदात्त योजना होती.

ऐन मे महिन्यात शिल्प ताडकळसच्या अलीकडच्या एका फाट्यावर आले. तिथला परिसर म्हणजे गावाच्या नावाची पाटी, भागवतचे पंक्चरचे दुकान आणि केशरबाई. केशरबाई दर मंगळवारी गुडघे दाखवायला परभणीला जात. सावली नाही, बसायला जागा नाही. त्यामुळे गुडघ्यांचा उपचार एसटीची वाट पाहत तासभर उभे राहूनच सुरू होई.

संचालनालयाचा माणूस जेवायला गेला आणि पाना भागवतकडे राहिला. भागवतने नकाशाऐवजी केशरबाईंकडे पाहिले. चार भागांचे खांब झाले, पाचांचे छप्पर, दोहोंचा बाक.

"लय गार वाटायलंय रे," केशरबाई बसत म्हणाल्या.

आठवडाभराच्या नोंदी अशा : बसलेले त्रेसष्ट, डुलकी घेतलेले एकोणीस, चिंतन केलेले निरंक. साहजिकच नोटीस आली. सोमवारी साहेब स्वतः येऊन शिल्प मोडणार आणि नकाशाबरहुकूम उभारणार होते.

भागवत नोटीस घेऊन घरी धावला. त्याची आई सरजाबाई मात्र शांत होती. "शेंदूर लाव. मग बघू कोन हात लावतंय."

भागवतने खांबांना, बाकाला शेंदूर फासला आणि नारळ फोडला. सोमवारी साहेब आले, थबकले. त्रेचाळीस अंशांत, तापल्या डांबरावर त्यांनी बूट काढले. प्रसाद घेऊन अहवालात लिहिले, 'शिल्प स्थानिक भावनांशी एकरूप झाले असून कायम येथेच ठेवावे.' उरलेल्या सव्वीस गावांचे चिंतन रद्द झाले (कोणाचीही तक्रार नाही).

मंगळवारी केशरबाई आल्या. लांबच चपला काढल्या, हात जोडले, चपला पुन्हा घातल्या आणि उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, सावलीत बसा की."

"देवाच्या मांडीवर बसू व्हय रे?"

भागवतला फार वाईट वाटले. पण नारळ त्यानेच फोडला होता. आता हा देव नाही, हे सांगायचे कोणत्या तोंडाने?

सध्या तिथे कुंपण आहे, घंटा आहे, गुरुवारी आरती आहे. केशरबाई पाटीच्या बोटभर सावलीत डोके तेवढे घालून उभ्या असतात. त्या रस्त्याने तुमची गाडी गेली, तर त्या तुम्हाला दिसणार नाहीत. तेवढ्यात तुमचे डोळे मिटलेले असतील आणि हात छातीशी गेलेला असेल.