साहेबांच्या माशांचं तब्येतपाणी

साहेब रजेवर जाताना हेडक्लार्कच्या हाती माशांची काचेची टाकी सोपवून गेले, आणि सोबत एक आश्वासन. "मासे नीट सांभाळा. परत आलो की मागची खोली तुमची. केबिन म्हणून."

केबिनसाठी हेडक्लार्क इतका आसुसला होता की दारावरची पाटीसुद्धा त्याने आधीच करवून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. माशांना वेळेवर खायला टाकून तो गप्प बसला असता तरी भागलं असतं. पण गप्प बसणं याच्या अकलेला कमीपणाचं वाटे, आणि अक्कल तर दुसऱ्यांना वाटून उरेल इतकी, निदान त्याच्या मते.

सकाळी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले. "उकडतंय त्यांना," असं निदान करून त्याने टाकीत बर्फाचा ट्रे रिकामा केला. दुपारी मासे तळाशी निपचित. "गारठले." लगेच किटलीतलं गरम पाणी.

"अहो, ते पाळायचे आहेत, शिजवायचे नाहीत," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"तुम्ही तुमचं टायपिंग बघा."

असं रोज चाललं. पाण्यात बुळबुळीत धागे तरंगू लागले, तेव्हा माशांच्या अंगावरचा मळ निघाला म्हणून हा गाढव खूश. मग माशांवर पांढरे डाग उठले आणि त्याला केबिन डोळ्यांदेखत पळताना दिसली. त्याने घाईघाईने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

"मळ कसला? ते माशाचं चिलखत होतं," डॉक्टर म्हणाले. "त्या बुळबुळीत थरातच रोगजंतू अडतात. पाणी एकदम गार, एकदम गरम केलंत की मासा हबकतो, थर सुटतो, कातडीची ताकद जाते. मग रोगाला दार उघडंच."

"औषध?"

"देतो. पण आधी त्यांना या एसीच्या झोतातून काढून एकसारख्या तापमानाच्या जागी हलवा. आणि तुम्ही लांब राहा."

रजा संपवून आलेले साहेब दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. "अशी जागा आहे आपल्याकडे?"

"मागची खोली आहे की," टायपिस्टबाई म्हणाल्या. "ना एसी, ना ऊन."

संध्याकाळपर्यंत टाकी तिथे गेली. तिथली कपाटं बाहेर आली, ती हेडक्लार्कच्या जागेवर बसली, आणि त्याचं टेबल गेलं टाकीच्या रिकाम्या जागी, एसीच्या थेट झोतात. आठवडाभरात त्याच्या अंगावर पुरळ उठलं.

टायपिस्टबाई काळजीने किटली घेऊन आल्या. "गरम पाणी ओतू, की आधी बर्फ?"