पहिल्या सेल्फात उठणारी बॅटरी

“आले बे, दात पाह्यनारे आले.”

चिखलीच्या बॅटरीच्या दुकानात बाकावर बसलेला एक माणूस शेजारच्याला हळूच म्हणाला. हळूच म्हणजे मला ऐकू येईल इतकंच. मोठेबाबा दुकानात शिरले होते आणि मी दारातच थांबून काचेवरचं पोस्टर वाचत होते. त्यावर एका ओळीपेक्षा जास्त मजकूर नव्हता, पण मी तो बराच वेळ वाचला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. राहणार अमडापूर. त्यांच्याकडे एक पांढरी अँबेसेडर आहे, माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आणि घरात माझ्यापेक्षा जास्त मान असलेली. तिची बॅटरी ते बैल घेतल्यासारखी घेतात. एके काळी मोठेबाबांना सोबत घेतल्याशिवाय गावात कोणी बैल आणत नसे. ते नुसत्या चालीवरून बैलाचा स्वभाव सांगत. मग गावात ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि मोठेबाबांना विचारायला येणारे लोकही गेले. ती सगळी विद्या आता बॅटरीवर खर्च होते.

आधी ते बॅटरीभोवती एक फेरी मारतात. मग ती उचलून वजन बघतात, कारण “हलकी बॅटरी आन् हलका मानूस, दोन्ही वक्तावर पडते”. मग पाठीवर थाप. आणि सगळ्यात शेवटी दात. दात म्हणजे बॅटरीवर ठोकलेली अक्षरं आणि आकडे, ज्यांवरून ती कधी तयार झाली ते कळतं. मोठेबाबांच्या मते दुकानात पडून पडून म्हातारी झालेली बॅटरी दुकानदार तरणी म्हणून गळ्यात मारतात. ती बारीक इंग्रजी अक्षरं त्यांना आता दिसत नाहीत, म्हणून मला आणलं होतं. मला बुलढाण्याच्या इंग्रजी शाळेत घातल्याचा घराण्याला झालेला हा पहिला उघड फायदा.

आम्ही आलो होतो वडापच्या काळी-पिवळी जीपने. जुनी बॅटरी पोत्यात घालून मोठेबाबांनी सीटवर ठेवली, खाली ठेवली तर तिला दचके बसतील म्हणून. तिच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. समोरच्या बाईने पोत्याकडे बघून मला विचारलं, देवीची मूर्ती आहे का. मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही माहीत नव्हतं. बाईने पोत्याला नमस्कार केला. मोठेबाबा म्हणाले, “पाया पडा बापा, पन उठत नाही ते.”

मोठेबाबांच्या सगळ्या सदऱ्यांना पोटाशी बारीक भोकं आहेत, बॅटरीतल्या तेजाबाने पडलेली. त्या दिवशीचा सदरा मला गाडीत चांगला दिसत होता. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो चाळणी निघाला.

दुकानदार तरुण होता. मोठेबाबांशी वऱ्हाडीत बोलायचा, आणि माझ्याकडे वळला की एकदम पुस्तकातलं मराठी काढून मला मॅडम म्हणायचा. त्याने दोन नव्या बॅटऱ्या पुढे ठेवल्या. मोठेबाबांनी फेरी मारली, उचलल्या, थापटल्या.

“वाच, माय. मोठ्यानं वाच.”

मी हळू वाचलं. ते म्हणाले, अजून मोठ्याने. मी वाचलं. दुकानदाराने अक्षरांचा हिशेब लावला: चकचकीत होती ती वर्षभर पडून असलेली, आणि जिच्या खोक्याचा कोपरा चेपलेला होता ती मागच्याच महिन्यातली.

“हे कवळी हाय,” मोठेबाबा म्हणाले. “हेच द्या.” बाकावरचे दोघं खांदे हलवून हसले.

इथे संपलं असतं तर मी तग धरला असता. पण मोठेबाबांनी खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, काढली, दुकानदाराचा हात धरला, त्यावर दस्ती टाकली आणि तिच्याखाली त्याची बोटं दाबायला लागले. बैलाच्या बाजारात भाव असाच होतो, चार लोकांत न बोलता, बोटांवर. दुकानदाराला यातलं काही माहीत नव्हतं. तो आपला हात सोडवावा की नाही या विचारात माझ्याकडे बघत राहिला, मॅडमकडे. मी पुन्हा पोस्टर वाचायला घेतलं. माझे कान इतके गरम झाले होते, की एखादी बॅटरी त्यावर चार्ज झाली असती.

“आबा, तोंडानं सांगा ना,” तो शेवटी म्हणाला. मोठेबाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, लगेच नजर काढून घेतली, दस्ती उचलली आणि घडी घालून परत खांद्यावर ठेवली. पुष्कळ वेळ लावून घातली ती घडी. मग त्यांनी छापील भाव मान्य केला.

दुकानदाराने तोवर पोत्यातली जुनी बॅटरी मशीनवर तपासली होती. ती बिघडलेली नव्हतीच, नुसती रिकामी होती. याआधीचीही अशीच आली होती, तो म्हणाला. “आबा, गाडी चालते किती?”

“चालते ना. रोज दुसरबीडले जाते.”

“रोज दुसरबीडले जानाऱ्या गाडीची बॅटरी बसत नाही आबा. ही उभ्या गाडीची बॅटरी हाय. लाइट लावून उभी ठेवता का तुमी? जुन्या गाडीचा डायनामो उभ्या उभ्या नाही भरत बॅटरी. काऊन खोटं सांगता?”

बैलाचं वय लपवणाऱ्या व्यापाऱ्याला भर बाजारात ओरडणारे मोठेबाबा त्या तरुणापुढे खाली बघत उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, म्हणजे मला आणखी लाज वाटेल. ते एवढंच म्हणाले, “पह्यल्या सेल्फात उठली पाह्यजे. बस. दुसरा सेल्फ मारला का मानूस भेते.”

“कोन भेते?” दुकानदाराने विचारलं.

मोठेबाबा दारापाशी आले. ऊन कुठवर आलं ते बघितलं आणि मला म्हणाले, “चाल माय, दिवस बुडायच्या आत जा लागते.”

परतीच्या गाडीत नव्या बॅटरीलाही सीट मिळाली. 

अमडापूरला पोचताच त्यांनी शेडमधल्या अँबेसेडरचं बॉनेट उघडलं. मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, ओसरीवर शेजारच्या काकूंजवळ बसली होती. मोठीआईला आता विसरायला होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वय झालं, असं आम्ही म्हणायचो आणि विषय बदलायचो. त्यांना मूलबाळ नाही. मी दोन दिवसांसाठी आले होते, आणि आदल्या संध्याकाळी कानात इअरफोन घालून माडीवर बसले होते.

मोठेबाबा पाना फिरवत होते. मी टॉर्च धरला होता. मोठीआई उठली, आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती. नवं लुगडं नेसलेली.

“चाला हो, सोडून द्या मले घरी,” ती मोठेबाबांना म्हणाली, एखाद्या ओळखीच्या ड्रायव्हरला सांगावं तशी. “अंधार पडून राह्यला. माय वाट पाह्यत असन.”

तिचं माहेर दुसरबीडचं. तिची आई मी जन्मायच्या आधीच गेलेली.

“हाव, निंघालोच,” मोठेबाबा म्हणाले. ते पाना भराभर फिरवायला लागले. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात: “खरंच नेलं होतं एक डाव दुसरबीडले. तिथं आता कोनी नाही. घर इकलं भावानं. लई रडली. काल गाडी उठलीच नाही, तं पायी निंघाली होती. फाट्यावरून आनली.”

काल मी माडीवर होते.

मोठीआईला त्यांनी मागच्या सीटवर बसवलं, पिशवी मांडीवर दिली, काचा खाली केल्या. आतला दिवा लावला. स्वतः पुढे बसले, आणि किल्लीला हात लावून क्षणभर तसेच थांबले. मी टॉर्च बंद करायचा विसरले होते.

गाडी पहिल्या सेल्फात उठली.

गाडी शेडमध्येच उभी होती. हेडलाइटचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला होता आणि सगळी गाडी थरथरत होती. मोठेबाबा स्टेअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवत होते. एकदा हॉर्न दिला. मध्येच म्हणाले, चिखली आली. मोठीआईने खिडकीतून बघितलं आणि मान हलवली. मग देऊळगाव मही. मग सिंदखेड राजा. मोठीआई कुठल्याशा शेताबद्दल बोलत होती, आणि ते “हाव, हाव, यंदा तूर चांगली हाय तिकडं” म्हणत होते. बैलगाडी आडवी आली म्हणून एकदा ब्रेकही दाबला. बैलाचं कौतुक केलं. जोडी चांगली होती म्हणाले.

मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. जिथे लाज वाटायला कोणीच बघत नव्हतं, तिथे मला दिवसभरातली सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

मग इंजिन बंद झालं. “आलं दुसरबीड,” मोठेबाबा म्हणाले आणि मागचं दार उघडायला उतरले.

मोठीआई उतरली नाही. पिशवी छातीशी धरून तिने ओसरीकडे बघितलं. “दारात कोन व्हय ते?” ती म्हणाली. “आपल्यातलं कोनी दिसत नाही.”

मोठेबाबा दार धरून उभे राहिले.  त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली, दुकानात दस्ती उचलताना काढून घेतली होती तशीच.

बुलढाण्याला आमच्या घरी आम्ही वऱ्हाडी बोलत नाही. मी तर कधीच बोलले नव्हते. मी पायऱ्या उतरून गाडीपाशी गेले आणि मोठीआईच्या हातातली पिशवी घेतली.

“मी हाय ना आत्या, तुह्या दादाची पोरगी,” मी म्हणाले. “कवाची वाट पाहून राह्यली मी तुही. ये, हात दे.”