उसनं विरजण

चिखल चाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तोही सरकारी पगारावरचा.

मी तेव्हा निझामाच्या राज्यात काचीगुड्याच्या स्टेशनात पार्सल गोदामाच्या काट्यावर होतो. वजन करायचं, चिठ्ठी चिकटवायची, खोकं सरकवायचं. शाळा चार इयत्ता, त्याही उर्दूत. याहून मोठं काम मला कोणी दिलं नाही, मी मागितलंही नाही. महिन्यातून एकदा मछलीपट्टणहून एक खोकं यायचं. आत गवतात बसवलेल्या काचेच्या बरण्या, बरण्यांत काळा चिखल, वर गढूळ पाणी. वास असा की हमाल पायानंच खोकं ढकलायचे. एकदा त्यातली एक बरणी झिरपून अर्धी झाली. कोणाचं नुकसान नको म्हणून मी नळाचं पाणी घालून ती काठोकाठ भरली. चांगल्या मनानं केलं, आजही सांगतो.

खोक्याचे मालक आले. किडकिडीत अंग, भर उन्हाळ्यात कोट, टोपी एका कानावर. एकेक बरणी उघडायचे, बोट बुडवायचे आणि चाटायचे. डोळे मिटून, पाकाची गोडी बघावी तसे. तिसऱ्या बरणीला डोळे खाडकन उघडले.

"यात नळाचं पाणी कोणी घातलं?"

"मी. कमी झालं होतं."

"अहो, किती जीव मारलेत! कोट्यवधी!"

मी बरणीत वाकून पाहिलं. साधी मासोळी दिसेना. मागचा हमाल म्हणाला, "किसन मियाँ, गए तुम. करोडों का खून है."

हे डॉक्टर भालकीकर. डॉक्टर खरे, पण नाडी बघायचे नाहीत. समुद्राच्या तळच्या चिखलातले जंतू वाढवायचे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणि तिथं जागा पुरेना म्हणून घरीसुद्धा. त्यांतले काही जंतू अंगातून असं काही सोडतात की शेजारचे जंतू मरतात. त्यातून एक दिवस माणसाच्या दुखण्यावर औषध निघेल, असं त्यांचं म्हणणं. आणि गंमत अशी की या माणसानं समुद्र पाहिलेलाच नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "येतोय की खोक्यातनं."

पुढं बरकतपुऱ्यात आमच्या शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या, तिथं मीच त्यांना आणलं. नळाच्या पाण्याचं प्रायश्चित्त म्हणा. एकटा जीव, लग्न केलेलं नाही. कशावर बुरशी दिसली, लोणच्यावर फेस आला, की लहान पोरासारखे ओरडायचे, "जिवंत आहे ते!" भिंतीच्या ओलीलासुद्धा एकदा असंच म्हणाले. मी चुना लावणार होतो, लावू दिला नाही.

आता माझ्या बायकोचं सांगतो. तुळसा तिचं नाव. ती गेली. आधीच सांगून टाकतो, नंतर जमेल न जमेल.

लग्नात तिच्या आईनं परभणीहून तिच्याबरोबर एका बोळक्यात विरजण दिलं होतं. आजच्या दह्यातला चमचा उद्याच्या दुधात, असं ते इतकी वर्षं तुटू न देता तिनं चालवलं. दागिना नव्हता अंगावर, पण दह्याचा ताठा होता. गल्लीत कोणाचं दही बिघडलं की वाटी आमच्या दारात. ती द्यायची, पण बजावून, "विरजण उसनं असतं. परत आणून द्या." परत न आणणारीला पुढच्या वेळी उंबऱ्याबाहेर उभं करायची.

डॉक्टरांना एकदा जेवायला वाढलं. पहिल्याच घासाला ओरडले, "वहिनी, जिवंत आहे हे!"

"काय जिवंत आहे?"

"दही! जंतूच जंतू आहेत यात."

तुळसानं पानातली वाटी उचलली आणि आत नेली. दोन दिवस दही बंद. तिसऱ्या दिवशी डॉक्टर कॉलेजातली, बारीक जीव मोठे करून दाखवणारी खुर्दबीन धोतरात गुंडाळून घेऊन आले. तिनं एक डोळा मिटून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अगं बाई, तुटक्या शेवया!"

"ह्यांच्यामुळंच दही लागतं, वहिनी. माझं कामही असंच. थोडा जुना जंतू नव्या अन्नात घालायचा, आठ दिवसांनी पुन्हा तेच."

"म्हणजे तुम्ही समुद्राचं विरजण लावता."

 डॉक्टर मला म्हणाले, "किसनराव, कॉलेजात हे समजावताना माझा घसा बसला." जाताना तिच्याकडं एक चमचा दही मागितलं, ठेवायला. तिनं दिलं आणि बजावलं, "परत आणून द्या."

"हौ वहिनी."

आणलं नाही. पुढं जेव्हा जेव्हा भेट व्हायची, ती विचारायची, "भाऊजी, माझं विरजण?" आणि हे म्हणायचे, "हौ वहिनी, देतो."

मग इंग्रज गेला. तिकडं हिंदुस्थान स्वतंत्र झाला, इकडं आमचा निझाम वेगळा बसला. सरहद्दीवर माल अडला, माझा काटा रिकामा पडला. समुद्राचं खोकंही बंद. डॉक्टरांकडं जेवढं होतं तेवढंच. त्यात एक पिवळा जंतू त्यांचा फार लाडका. बशीत मधोमध पिवळा ठिपका आणि भोवती स्वच्छ गोल. त्या गोलात दुसरा जंतू पाऊल टाकत नसे. तुळसा म्हणाली, "सोवळ्यातला दिसतोय."

त्या बशीत घालायला चायना ग्रास लागायचा, आपण घरी थिजवून खातो तोच. डॉक्टर कोठीच्या बाजारातल्या दुकानातनं तो शेरानं उचलायचे. दुकानदारानं एकदा विचारलं, "डागदर साब, दावत है क्या? कित्ते मेहमान?" डॉक्टर तोंड पाडून म्हणाले, "करोडों."

आणि लागायचं मीठ. त्या वर्षी बाजारात मीठ दिसेना. आमचं वरण अळणी व्हायला लागलं. विचारलं तर तुळसा म्हणायची, "मिळत नाही." एकदा तिच्या पदराखालची वाटी शेजारी जाताना मी पाहिली. तसाच डॉक्टरांच्या दारात गेलो.

"माणसं अळणी गिळतात आणि तुम्ही किड्यांना मीठ चारता? लाज वाटत नाही?"

"वाटते," ते म्हणाले. "पण त्यांना दुसरा समुद्र नाही, किसनराव."

असल्या माणसाशी भांडण तरी काय करणार. परत आलो आणि अळणी जेवलो.

वर्ष असंच गेलं, रझाकारांच्या धाकात. मग हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं मिटलं. गाड्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी रजा घेतली, नामपल्लीहून मछलीपट्टणचं तिकीट काढलं. या खेपेला चिखल स्वतः आणणार होते. तुळसानं दशम्या बांधून द्यायचं कबूल केलं. त्याच आठवड्यात तिला ताप भरला.

विषमज्वर निघाला. डॉक्टर गेले नाहीत. नाडी बघणारा खरा डॉक्टर त्यांनीच आणला. रोज कोठीतनं बर्फ आणायचे, भुशात गुंडाळून, धावत. आठव्या दिवशी मी त्यांचा कोट धरला.

"तुमचा तो पिवळा द्या हिला. हिच्याच मिठावर पोसलाय."

"तो बशीत शूर आहे, किसनराव. माणसाच्या पोटात काय करेल, मला माहीत नाही. विषही असेल."

"मग काय उपयोगाचा तो?"

 ते बर्फ फोडत राहिले. मी त्या वेळी त्यांना आणखी बरंच बोललो. ते इथं लिहीत नाही.

अकराव्या दिवशी तुळसा गेली.

मयत निघालं की घरातलं शिजलेलं, भरलेलं, सगळं ओतून टाकायची रीत. आळीतल्या बायांनी पाणी ओतलं, वरण ओतलं आणि शिंकाळ्यावरचं बोळकंही ओतून, राखेनं घासून पालथं घातलं. त्यांची चूक नाही. मला कळलं ते तेरावा झाल्यावर, दहीभात खावासा वाटला तेव्हा. पालथं बोळकं हातात घेऊन बसलो, आणि मग कुठं मला रडू आलं.

वाटी घेऊन गल्लीत निघालो. जिच्या-तिच्या घरी तुळसाचं विरजण गेलेलं, कुठंतरी असेलच. पहिल्या घरी म्हणाले, "रझाकारांच्या गडबडीत आम्ही सोलापूरला गेलो ना, तेव्हाच तुटलं." दुसऱ्या घरी बाजारचं मिसळलेलं. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, "दही ते दही, बाबा. घे हे." मी घेतलं नाही. मला दही नको होतं.

डॉक्टर दारात उभे होते. माझ्या हातातली रिकामी वाटी त्यांनी पाहिली.

"काय शोधताय?"

सांगितलं. ते आत गेले आणि कापसाचा बोळा लावलेली एक काचेची नळी घेऊन आले. आत पांढरं.

"वहिनींचं," म्हणाले. "द्यायचं राहिलं."

"दोन वर्षं?"

"दर आठ दिवसांनी नव्या दुधात घालत होतो."

"तुम्ही तर दूध पीत नाही."

"नाही."

 काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तो पिवळा कसा आहे?"

"गेला. ते अकरा दिवस मी तुमच्याकडं होतो."

"मग हे कसं वाचलं?"

"ही नळी खिशात होती, आणि दूध तुमच्याच घरात होतं ना." त्यांनी टोपी काढून उगाच झटकली. समुद्राला आता कधी जाणार, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

संध्याकाळी दूध तापवलं. किती कोमट लागतं, दोघांनाही ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, "वहिनी करंगळी बुडवायच्या." मग आम्ही दोघं पोक्त पुरुष दुधात करंगळ्या बुडवून उभे. नळीतलं पांढरं घातलं, बोळक्यावर फडकं टाकलं.

सकाळी दही लागलेलं. डॉक्टरांनी बोट बुडवलं आणि डोळे मिटून चाटलं, स्टेशनात चिखल चाटायचे तसंच. बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

"जिवंत आहे?" मी विचारलं.

त्यांनी नुसती मान डोलावली.

मी एक वाटी वेगळी काढून त्यांच्यापुढं सरकवली.

"हे कशाला, किसनराव? मी खात नाही एवढं."

"विरजण उसनं असतं," म्हटलं. "परत आणून द्या."