शिट्टीवाली कॅसेट

आमच्या घरात कुकर चढवलेला नसतानाही त्याची शिट्टी वाजते. सुरतेत उधन्याच्या या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा बायको पहिल्याच आठवड्यात गॅस बंद करायला स्वयंपाकघरात धावली. गॅस बंदच होता. शिट्टी आली होती भिंतीपलीकडून, धुडकूआप्पांच्या घरातून, आणि तिच्या पाठोपाठ आप्पांचा खणखणीत आवाज, "गॅस बंद कर वं."

आता आप्पा राहतात एकटे. त्यांची बायको, सगळ्यांच्या मावशी, आम्ही यायच्या आधीच गेल्या. मुलगा जवळच्याच सचिन गावी कंपनीत, तो बोलावतो, हे जात नाहीत. जेवणाचा डबा खानावळीतून येतो आणि गॅसवर चहापलीकडे काही चढत नाही. मग कुकर कुणाचा, आणि बाईमाणसाला घालायचं ते 'वं' कुणाला? बायको म्हणाली, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, तुम्ही फार बोलू नका. मी अर्थातच दुसऱ्या दिवशी जाऊन बसलो.

आप्पा कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात फिटर होते. निम्मे कान तिथेच ठेवून रिटायर झाले. त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशीही ते चार लूम पलीकडच्याशी बोलावं तसे बोलतात. "मशीन खोटं नई बोलस," हे त्यांचं ब्रीदवाक्य. आमचा मिक्सर, माझी स्कूटर, सोसायटीची पाण्याची मोटर, सगळ्यांना कान लावून ते हेच म्हणतात. मग मशीन बोलतं, आप्पा ऐकतात, आणि दुरुस्तीला शेवटी दुसराच कोणी बोलवावा लागतो.

शिट्टी कॅसेटमध्ये होती. फार वर्षांपूर्वी आप्पा नानपुऱ्यात एका पारशी म्हाताऱ्याची मोटर बघायला गेले होते. आत सॅक्सोफोन वाजत होता. आप्पा मोटर विसरून पायरीवर बसले. ते काय होतं विचारलं, तर मला म्हणाले, "वरात पोची गई, सर्वा लोके जेवाले बसनात, आन एकला बँडवाला मांडवना मांगे सोतासाठे वाजी ऱ्हायना. तसं शे ते." याला जॅझ म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते त्याला 'नानपुऱ्याचं गाणं' म्हणायचे.

पारशीबाबांनी कॅसेट उसनी दिली. आप्पांनी शेजारचा टेपरेकॉर्डर आणला, दोन टेप समोरासमोर ठेवले, एकावर गाणं लावलं आणि दुसऱ्याचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. त्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद, दाराखाली गोधडी. मावशींना ताकीद दिली, हलायचं नाही, खोकायचं नाही. मावशी भिंतीला टेकून बसल्या. पण कुकर आधीच गॅसवर चढलेला. त्या उठू लागल्या की आप्पा हात दाखवून खाली बसवायचे. सॅक्सोफोन अगदी वरच्या सुराला पोचला आणि कुकरने शिट्टी दिली.

आप्पा चिडले, पण पारशाची कॅसेट लगेच परत द्यायची होती. मग जन्मभर तीच वाजली. शिट्टी आली की आप्पा ओरडायचे, "गॅस बंद कर वं," आणि मावशी म्हणायच्या, "तुम्हीच सांगेल व्हतं ना, हालू नको म्हनीसन." रोजचा हा खेळ. मावशी गेल्यावर आप्पांनी आपलं वाक्य चालू ठेवलं.

मागच्या महिन्यात टेपने कॅसेट चावली. संध्याकाळ एकदम मुकी झाली. आप्पा पायरीवर फितीचं गुंतवळ मांडीवर घेऊन बसलेले दिसले. मला राहवलं नाही. आम्ही पेन्सिलीने फीत गुंडाळली, चिकटपट्टी लावली. सुरुवातीचं थोडंसं वाजलं आणि पुन्हा तुटली. पण तेवढं माझ्या फोनला पुरलं. त्याने गाणं ओळखलं आणि मूळ रेकॉर्डिंग समोर हजर केलं. मला स्वतःचा भलताच अभिमान वाटला.

आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. "हाऊ मांगे कोन घुमी ऱ्हायना?" त्यांनी विचारलं. मागे घुमणारी ती बासची जाड तार त्यांच्या कॅसेटवर कधी उतरलीच नव्हती. चेहरा खुलला होता. मग सॅक्सोफोन वर चढू लागला, आप्पांचा हात उचलला गेला, तोंड उघडलं. आणि सूर तसाच पुढे निघून गेला.

हात तिथेच राहिला. मी म्हणालो, "आप्पा, हेच खरं. शिट्टी तर चुकून आली होती."

"मशीन खोटं बोली ऱ्हायनं," आप्पा म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. गाणं त्यांच्या फोनवर टाकून दिलं आणि मी घरी आलो. भलं करायला गेलो आणि माणसाचं होतं नव्हतं तेही नेलं, असं वाटत राहिलं.

काही दिवसांनी भिंतीपलीकडून पुन्हा गाणं आलं. शिट्टीही आली, पण गाणं नीट सुरूही झालं नव्हतं तेव्हा. पुढचे तीन दिवस रोज थोडी उशिरा, तरी आधीच. बायको म्हणाली, "आप्पांनी डबा बंद केला वाटतं." पाचव्या दिवशी गाणं लागलं तेव्हा मी जेवून उठलो होतो, तसाच गेलो.

आप्पा ओट्यापाशी फोन हातात धरून उभे होते. गॅसवर कुकर. त्यांनी मला हातानेच खाली बसवलं, हलू नको म्हणून. मी भिंतीला टेकून बसलो. सॅक्सोफोन चढत गेला, वरच्या सुराला पोचला आणि कुकरने शिट्टी दिली, अगदी तिथेच.

"गॅस बंद कर वं," आप्पा ओरडले. मग स्वतःच वळून गॅस बंद केला.

"चार दिन चुकनं," ते म्हणाले. आवाज कधी नव्हे तो हळू होता. "एकलाना भात टाका ते शिट्टी आगोदर वाजस. दोन जनसना टाका ते बराबर येस."

त्यांनी दोन ताटं घेतली. माझ्या पोटात जागा नव्हती. मी पुन्हा जेवलो.