पाट्यांचे पेले

आमच्या सौभाग्यवतींची चिनी मातीच्या भांड्यांची भट्टी बंद पडायच्या बेतात होती. परवान्याला नवी अट लागली होती: प्रत्येक भांड्यात टाकाऊ माल हवा, तोही सरकारी, आणि तो कुठून आला हे भांड्याच्या तळाशी लिहायला हवं. परवाना गेला की वीस वर्षांची भट्टी गेली, म्हणून ती इरेला पेटली. सरकारी भंगारात तिला ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ अशा जुन्या पाट्या सापडल्या, दिवे गेले की आपोआप हिरव्या उजळणाऱ्या. तिने त्यांच्यावरची पूड खरवडून झिलईत मिसळली आणि चहाचे पेले भाजले. अंधारात पेले उजळले. मी टाळ्या वाजवल्या. तेवढंच मला जमतं.

पुनर्वापर खात्याचे साहेब खूश झाले. “ताई, कमाल केलीत! आमच्या चारशे कर्मचाऱ्यांना एकेक द्या. परवाना त्याच दिवशी.”

“पण साहेब, जुन्या पाट्या संपल्या.”

“नव्या आहेत की.”

“त्या भिंतीवर आहेत. चांगल्या आहेत.”

साहेबांना तिची दया आली. “ताई, रजिस्टरात आहे तोवर ती वस्तू. रेघ मारून निर्लेखन केलं की कचरा. आणि रेघ मारायला आम्ही बसलोय ना!”

आठ दिवसांत खात्याच्या इमारतीतल्या सातही मजल्यांवरच्या पाट्या कचरा झाल्या. सौ. कुरकुरली, “अहो, हे काही खरं नाही.” मी म्हटलं, “तुला परवाना हवाय की पाट्या?” असा एक तरी सल्ला नवऱ्याने द्यायचा असतो.

वाटपाचा समारंभ तळघरातल्या सभागृहात ठेवला. तिथे खिडक्या नाहीत, त्यामुळे पेले खुलून दिसतात. दिवे मालवले, चारशे पेले उजळले, साहेबांनी त्या उजेडात परवान्यावर सहीसुद्धा केली. मग दिवे लावायला गेले तर लागेनात, आणि कुठूनतरी वायर जळाल्याचा वास यायला लागला.

“दार कुठंय?” कुणीतरी ओरडलं.

“घाबरू नका,” साहेब म्हणाले. “पाटी बघा.”

“पाटी तुमच्या हातात आहे, साहेब,” सौ. म्हणाली.

अर्धा तास आम्ही पेले उंच धरून भिंती चाचपत होतो. एकमेकांचे चेहरे छान दिसत होते. मी सौ.चा पदर घट्ट धरला होता, खोटं कशाला बोलू? शेवटी झाडूवाल्या मावशींनी बाहेरून दार ढकललं. त्यांना समारंभाचं निमंत्रण नव्हतं.

अहवाल आला: ‘पेल्यांची कामगिरी उत्तम. दार वेळेवर न आढळल्याबद्दल दाराची चौकशी सुरू.’ योजना आता दवाखाने, नाट्यगृहं आणि शाळांनाही लागू झाली आहे. भट्टी जोरात चालते. सौ. मात्र कुठेही गेली तरी दाराजवळची खुर्ची धरते, आणि मी तिच्या शेजारची.

तुमच्याकडेही पेला आलाच असेल. पाहुण्यांना दिवा मालवून दाखवतही असाल. एकदा उलटा करून तळ वाचा. आमच्या परवा निघालेल्या मालावर लिहिलंय: ‘बालवाडी, दुसरा मजला, जिन्याकडे.’