उशीच्या मापाचा टॉप

आमच्या तयार कपड्यांच्या कंपनीने स्थूल महिलांसाठी टॉपची नवी श्रेणी काढायचे ठरवले, त्या बैठकीत एकही स्थूल महिला नव्हती. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्यांना हात होते आणि त्या खुर्च्यांत मावणाऱ्यांनाच बैठकीला बोलवायची पद्धत होती. मी शेजारच्या खोलीत ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घेत असे. माझ्या खुर्चीला हात नव्हते. श्रेणीचे नाव सर्वानुमते ‘मोकळीक’ ठरले.

मग साहेबांनी मला बोलावले. “तुम्ही म्हणजे आमच्या खऱ्या ग्राहक,” ते माझ्याकडे आपादमस्तक पाहत म्हणाले. “नव्या दुकानाच्या प्रमुख तुम्हीच. अट एकच. उद्घाटनाला ‘मोकळीक’ घालून दारात उभं राहायचं.”

इतकी वर्षे लोकांच्या शिव्या कानाने झेलल्यावर मला ही जागा हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. घरी सांगितले. सासूबाईंनी संध्याकाळच्या आत सगळ्या शेजारणींना सांगून टाकले, त्यामुळे माघार घ्यायची सोय उरली नाही.

टॉप आला. गळा एका खांद्यावरून घरंगळला, कमरेला आणखी एक बाई मावेल इतका घोळ आणि बाही मात्र दंडात अशी रुतली की हाताला मुंग्या आल्या. तो तसाच काखोटीला मारून मी शिवणविभागात गेले.

तिथे मापाचे काम चालू होते. मापाला उभी राहणारी मुलगी इतकी बारीक होती की तिला सगळे काडी म्हणत. काडीच्या पोटाला आणि पाठीला सुतळीने उशा बांधल्या होत्या. उशा मी ओळखल्या. साहेबांच्या खोलीतल्या सोफ्याच्या होत्या आणि पाहुणे महिनाभर उघड्या फळीवर का बसत होते तेही कळले. उशांवर टॉप झकास बसला होता.

“काय सुंदर पडतोय!” डिझायनरबाई म्हणाल्या.

“अहो, पण उशा सगळ्या पोटाला,” मी म्हटले. “दंडाचं काय? दंड हिचेच राहिले की!”

“दंडाला बांधून पाहिली होती,” शिवणमास्तर म्हणाले. “पण मग हिचा हात खाली येईना. कामाचा खोळंबा व्हायला लागला, म्हणून सोडली.”

“आणि हा गळा?”

“लहान माप मोठं केलं की सगळंच वाढतं, ताई. गळा, खांदे, सगळं.”

“माणूस जाड झालं म्हणून त्याचे खांदे रुंदावतात होय?”

“नियमाप्रमाणे रुंदावतात,” मास्तर शांतपणे म्हणाले.

“मग माप माझ्यावरच घ्या ना! मी शेजारच्याच खोलीत बसते. हाक मारली की येईन.”

डिझायनरबाईंनी मला समजुतीच्या सुरात सांगितले, “तसं नाही चालत हो. तुमचं शरीर म्हणजे एकाच बाईचं शरीर. उशी ही सरासरी आहे.”

मी साहेबांपर्यंत गेले. साहेब न्यायी. त्यांनी संयुक्त पाहणीचा आदेश दिला. काडीला आणि मला शेजारी उभे करून मी उशीपेक्षा कुठे कुठे चुकते ते मोजण्यात आले. माझे दंड प्रमाणाबाहेर निघाले. मी बसले की पोटाला वळी पडते, उशीला पडत नाही. शिवाय मी श्वास घेते आणि दर वेळी कंबर वेगळी भरते, असा गंभीर आक्षेप मास्तरांनी नोंदवला. उशीविरुद्ध एकही आक्षेप आला नाही.

“टॉप निर्दोष आहे,” साहेब म्हणाले. “उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही हात खालीच ठेवा. बसू नका. आणि श्वासाचं जरा बघा.”

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण जागा हवी होती, म्हणून मान डोलावली.

उद्घाटनाला मास्तरांनी माझ्या बाह्या मागून उसवल्या, गळा पाठीवर चिमट्यांनी आवळला आणि मला भिंतीला पाठ लावून उभे केले. पुढून मी जाहिरातीसारखी दिसत होते. तेवढ्यात कपडे घालून बघायच्या खोलीतून माझ्याच अंगलटीची एक बाई बाहेर आली, एक हात वर अडकलेला.

“अहो, जरा ओढता का? रक्त थांबलंय हो माझं!”

मी धावले. हात वर केला आणि चिमटे फटाफट उडाले. एक साहेबांच्या चहात पडला. त्या बाईने माझी उसवलेली बाही पाहिली.

“अगं बाई! तुम्हालाही होत नाही?”

“मलाच काय, उशी बांधल्याशिवाय कुणालाच होत नाही!” मी भर दुकानात ओरडले.

दुपारी मी पुन्हा फोनवर. दुकानाची प्रमुख काडी झाली, उशांसकट. “तिला ‘मोकळीक’ व्यवस्थित होते,” साहेब म्हणाले. “तुमच्याबद्दल मनात काही नाही.”

मी दात-ओठ खात फोनपाशी बसले. म्हटले, आता तक्रारींचा पाऊस पडेल, मग बघते एकेकाला! फोन आलेही.

“टॉप दंडात होत नाही हो,” बायका म्हणायच्या.

“तक्रार लिहून घेऊ?” मी आनंदाने विचारायची.

“छे छे, तक्रार कसली! कपडा चांगला आहे. मीच सुटलेय हल्ली. राहू दे, बारीक झाले की होईल.”

सगळ्यांचे तेच. एकही तक्रार नोंदली गेली नाही. कंपनीने ग्राहक पूर्ण समाधानी असल्याचे जाहीर केले आणि तक्रारच नसल्यामुळे तक्रार विभाग बंद केला. निरोपाच्या वेळी मला भेट म्हणून टॉप दिला. तोच.

घरी सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. “कापड छान आहे गं. ठेव कपाटात. चालायला जायला लागलीस की होईल.”

मी! जिने काडीच्या पोटाला बांधलेल्या उशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, त्या मी टॉपची घडी घातली, वरच्या खणात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून चालायला निघाले.

हसताय? हसा. आधी जरा उठून तुमच्या कपाटाचा वरचा खण उघडा. लेबलही न काढलेला तो कपडा बाहेर काढा, बारीक झाल्यावर घालायचा म्हणून ठेवलेला. आणि तो शिवताना उशी कुणाच्या पोटाला बांधली होती, ते विचारायला कंपनीला फोन लावा. मी होते तोवर तुम्ही लावला नाहीत. आता तिकडे फोन उचलायला कुणी नाही.